विरोधकाला बरे म्हणण्याचा गुन्हा

९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात आले आणि कुंभारी येथे व्हायच्या ३० हजार घरांच्या वसाहतीची पायाभरणी त्यांनी केली. व्यासपीठावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते. आणि ज्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीतून ही वसाहत आकाराला येत होती ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम हेही होते. आडम मास्तरांनी पंतप्रधानांचे आणि मुख्यमंत्र्यांचे जाहीर कौतुक केले. दोन महिन्यांच्या आत, मार्च २०१९ मध्ये, त्यांच्या पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. कारण एकच, हे कौतुक.

आम्ही मार्क्सवादी पक्षाचे सभासद नाही आणि आडम मास्तरांची वकिली करण्याचे कामही आमच्याकडे कोणी दिलेले नाही. ते आणि त्यांचा पक्ष यांनी आपसात काय ते मिटवले. परंतु सोलापुरात राहणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या आणि मुसलमान असणाऱ्या आमच्यासारख्यांना या प्रकरणातून एक प्रश्न पडतो, आणि तो टाळून चालणार नाही. विरोधकाने एखादे चांगले काम केले, तर त्याला ‘चांगले केलेस’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि कोणाला नाही?

घरे कोणासाठी होती ते आधी पाहू. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावर उभे राहणारे कामगार, रिक्षावाले, कचरा वेचणारे, हातगाडीवाले. त्यांत पद्मशाली आहेत, दलित आहेत, मुसलमान आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या काढलेली ही माणसे. याच आडम मास्तरांच्या पुढाकाराने याच कुंभारीत विडी कामगार बायांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली होती. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. तेव्हाही पंतप्रधान दुसऱ्याच पक्षाचे होते. पण त्यांच्या सरकारला डाव्यांचा बाहेरून पाठिंबा होता. म्हणून त्या वेळच्या आभारांना आभार म्हटले गेले. २०१९ मध्ये आभारांचे नाव बदलून शिस्तभंग झाले. घर तेच, विडीवाली तीच, मागणारा माणूस तोच. बदलला तो फक्त देणाऱ्याचा झेंडा.

आता दुसरे चित्र पाहा. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधान मोदी बारामतीला गेले. त्यांनी शरद पवारांची स्तुती केली, पवारांनी त्यांचे आगतस्वागत केले. त्याच वर्षी डिसेंबरात पवारांच्या पंचाहत्तरीचा सोहळा दिल्लीत झाला, तिथेही पंतप्रधान होते. २०१७ साली पवारांना पद्मविभूषण मिळाले. मागे २००६ साली सुप्रिया सुळे राज्यसभेवर बिनविरोध गेल्या, कारण बाळासाहेब ठाकरे यांनी आपल्या पक्षाचा उमेदवार उभा केला नाही. या सगळ्याला आमची वर्तमानपत्रे ‘महाराष्ट्राची सुसंस्कृत राजकीय परंपरा’ म्हणतात. म्हणोत. आमचा आक्षेप त्या परंपरेला नाही. आमचा आक्षेप आहे तो ती वरच्या मजल्यावरच राहते याला. मोठ्या नेत्याने विरोधकाची स्तुती केली तर ती प्रगल्भता. कामगारांच्या पुढाऱ्याने केली तर शिस्तभंग. आणि मोहल्ल्यातल्या मुसलमानाने केली तर ती सरळसरळ गद्दारी. स्तुती एकच, पण माणसागणिक तिचा भाव वेगळा!

या बाबतीत कोणत्याही पक्षाने दुसऱ्याला नावे ठेवू नयेत. लालकृष्ण अडवाणी २००५ च्या जूनमध्ये कराचीला गेले आणि जिनांच्या मजारीवर त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहून आले. ज्यांनी रथयात्रा काढून पक्ष सत्तेपर्यंत नेला, त्यांना त्या चार शब्दांपायी वर्ष संपायच्या आत अध्यक्षपद सोडावे लागले. २००९ च्या ऑगस्टमध्ये जसवंत सिंग यांनी जिनांवर पुस्तक लिहिले म्हणून त्यांना पक्षातून काढले. ज्या काँग्रेसला आपल्या उदारपणाचा अभिमान, तिच्या पोटात २०१८ च्या जूनमध्ये प्रणव मुखर्जी नागपूरला संघाच्या कार्यक्रमाला निघाल्याबरोबर गोळा आला. डावे, उजवे, मधले, सगळ्यांचे दुखणे एकच आहे. प्रत्येकाला विरोधकाच्या तोंडून आपली स्तुती हवी असते. आपल्या माणसाच्या तोंडून विरोधकाची नको असते.

हे सगळे सांगितले ते दुसऱ्यांच्या घरचे. आता आपल्या घरात येऊ. कारण हा लेख आपल्यासाठी आहे.

मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी हे नाव महाराष्ट्रातल्या मुसलमानांना नवे नाही. मूळचे गुजरातचे, पण त्यांनी कर्मभूमी केली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला. सातपुड्याच्या पायथ्याशी, आदिवासी मुलखात, त्यांनी मदरसा उभारला आणि त्याच्या जोडीला शाळा आणि व्यावसायिक शिक्षणाची महाविद्यालये काढली. दीनी तालीम घेणाऱ्या मुलाच्या हाती दुनियेचे हुन्नरही द्यायचे, हे त्यांनी भाषणातून सांगितले नाही, करून दाखवले. २०११ च्या जानेवारीत ते दारुल उलूम देवबंदचे मोहतमिम झाले. आणि लगेच एका मुलाखतीवरून वादळ उठले. गुजरातेत विकास होतो आहे, त्याचा फायदा मुसलमानांनाही मिळतो आहे, आता पुढे पाहावे, अशा आशयाचे ते बोलले होते. त्याच वर्षीच्या जुलैत मजलिसे शूराने त्यांना पदावरून दूर केले. २०२५ च्या मे महिन्यात ते अल्लाहला प्यारे झाले.

त्यांचे विधान बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. २००२ च्या गुजरातेत ज्यांची माणसे मारली गेली, ज्यांच्या लेकींची अब्रू लुटली गेली, त्यांचे खटले तेव्हा कोर्टात चालू होते. अशा वेळी ‘पुढे पाहा’ म्हणणे हे जखमेवर मीठ चोळण्यासारखे होते, असे ज्यांना वाटले त्यांचे दुःख खरे होते. त्यांनी मौलानांना जाब विचारायला हवाच होता. पण जाब विचारणे वेगळे आणि माणूस बाद करणे वेगळे. अक्कलकुव्याची तीस वर्षांची मेहनत तराजूच्या एका पारड्यात होती, दुसऱ्यात एक मुलाखत. मुलाखत जड झाली. देवबंदमध्ये आधुनिक शिक्षणाचा जो विचार त्यांच्यामागोमाग यायचा होता, तो त्यांच्याबरोबर दाराबाहेर गेला. नुकसान मोदींचे झाले नाही. नुकसान आमच्या पोरांचे झाले.

आणखी जवळचे उदाहरण घेऊ. १९९० साली याच सोलापुरात पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या चळवळीत वाढलेल्या आपण सगळ्यांनी हमीद दलवाईंवर भरपूर वाद घातला आहे. मुस्लिम समाजाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आपल्यापैकी अनेकांना मान्य नाही. त्यांची टीका हिंदुत्ववाद्यांनी उचलून आपल्याच अंगावर फेकली, हेही खोटे नाही. पण म्हणून ‘इंधन’ ही कादंबरी मराठीतली महत्त्वाची कादंबरी आहे, असे म्हणताना आपली जीभ का अडखळते? कोकणातल्या मुसलमानाचे घर, त्याचे गाव, त्याची भाषा इतक्या आतून मराठीत आणणारे लिहिणारे त्या काळी किती होते? १९६६ साली सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढायला छाती लागते, एवढे तरी म्हणाल की नाही? ‘पण ते म्हटले तर त्यांचे राजकारण मान्य केल्यासारखे होते’, असे उत्तर येते. का होते? कोणी ठरवले? आगरकर गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिले, म्हणून टिळक सुधारक झाले नाहीत. गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली उतरले आणि स्मशानात त्यांच्या देशसेवेबद्दल बोलले. म्हणून ते मवाळ झाले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर तोफा डागणाऱ्या आचार्य अत्र्यांनी १९६४ साली त्यांच्या मृत्यूनंतर ‘सूर्यास्त’ लिहिले. म्हणून मुंबई कोणी परत मागितली नाही.

हे मोठ्यांचे झाले. आपल्या गल्लीत काय चालते? २०१४ आणि २०१९ च्या विधानसभेत सोलापूर शहर मध्य मतदारसंघात मजलिसचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता. तेव्हापासून विजापूर वेशीत काय किंवा नई जिंदगीत काय, चहाच्या टपरीवर दोनच शब्द ऐकू येतात. एक ‘बी टीम’ आणि दुसरा ‘गुलाम’. डिसेंबर २०१९ मध्ये असदुद्दीन ओवेसींनी लोकसभेत नागरिकत्व विधेयकाची प्रत फाडली. आयुष्यभर पंजाला मत देणारा एखादा म्हातारा म्हणाला, ‘बोलला मर्दासारखा’, की लगेच तो बी टीम. मजलिसचा तरुण म्हणाला, ‘प्रणितीताईंनी सभागृहात आपला प्रश्न मांडला बरे का’, की लगेच तो गुलाम. आणि भाजपच्या नगरसेवकाने गटार बांधून दिले, म्हणून कोणी शुक्रिया म्हटले, तर विचारूच नका. ‘कितने में बिका?’ गटार मात्र सगळेच वापरतात!

या सवयीचा परिणाम काय झाला, तो नीट पाहा. आपल्यातला विचार करणारा माणूस गप्प बसू लागला. तो मत देतो, पण मत मांडत नाही. वस्तीत खरे कोणी काम केले, कोणी नुसते फ्लेक्स लावले, याचा हिशेब उघडपणे होत नाही. हिशेब होत नाही म्हणून ‘आपल्या’ म्हणवणाऱ्या पक्षालाही धाक राहत नाही. त्याला माहीत असते, हे दुसऱ्याला बरे म्हणूच शकत नाहीत. मग यांच्यासाठी काम कशाला करायचे? ज्याला आपण शत्रू मानतो त्याला तरी आपल्या निषेधाचे काय वाटणार? गटारालाही निषेध आणि कत्तलीलाही निषेध, एकाच सुरात, एकाच पट्टीत. सकाळ संध्याकाळ वाजणाऱ्या भोंग्याकडे गिरणगावात कोण वळून पाहतो? जो कधीच बरे म्हणत नाही, त्याच्या वाईट म्हणण्याला वजन राहत नाही. आमचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आले.

गंमत अशी की विरोधकाने केलेली आपली स्तुती आपल्याला अमृतासारखी गोड लागते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर अब्दुल रसूल कुर्बान हुसेन फासावर गेले. कोणा हिंदुत्ववादी पुढाऱ्याने भाषणात कुर्बान हुसेन यांचे नाव आदराने घेतले, की आपण ते कात्रण जपून ठेवतो, चार लोकांना दाखवतो. बरोबरच आहे. पण घ्यायला हात पुढे आणि द्यायला मागे, हा कुठला व्यवहार?

दीनचा आधार घेऊन या कोतेपणाचे समर्थन करता येत नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत स्पष्ट ताकीद आहे की, एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेणार नाही याची काळजी घ्या. मक्केत छळ झालेल्या पहिल्या मुसलमानांना पैगंबर साहेबांनी हब्शाला पाठवले ते तिथला बादशहा नजाशी न्यायी आहे म्हणून. तो तेव्हा ख्रिस्ती होता, पण त्याचा न्याय नाकारला गेला नाही. इस्लामपूर्व काळात मक्केत दुर्बलांच्या हक्कासाठी ‘हिल्फुल फुजूल’ हा करार झाला होता. त्यात मुसलमान कोणीच नव्हते, कारण इस्लामच नव्हता. तरी नबुव्वतनंतरही पैगंबर साहेबांनी त्या कराराची तारीफ केली. चांगल्या कामाला चांगले म्हणण्यासाठी करणाऱ्याची जात-जमात विचारायची नसते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी येऊन शिकवायची गरज नाही.

आता यावर जे आक्षेप येतील ते आम्हाला माहीत आहेत. पहिला आक्षेप असा, की सत्ताधाऱ्याला तुमच्या कौतुकाचा फोटो हवा असतो. तो निवडणुकीत फिरवला जातो. हे खरे आहे. २०१९ च्या जानेवारीतला तो समारंभ आणि एप्रिलमधले लोकसभेचे मतदान यांत तीन महिन्यांचे अंतर होते. मार्क्सवादी पक्षाची भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्याला उपाय कौतुक बंद करणे हा नाही. कौतुकाबरोबर प्रश्नही ठेवणे हा आहे. फोटो कापता येतो. पण एकाच दमात बोललेली दोन वाक्ये तोडताना कापणारा उघडा पडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आमच्याकडे कौतुक मागितले जात नाही, ते वसूल केले जाते. ‘बोल, देशभक्त आहेस की नाही’ असे दरडावून जे मागितले जाते, ते मनापासून तरी कसे द्यावे? हा आक्षेप आम्ही मान्य करतो. दरडावून घेतलेल्या कौतुकाला काडीची किंमत नाही, आणि ते देऊही नये. पण याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या. कौतुक आपल्या मर्जीने करणे हा जसा आपला हक्क आहे, तसे ते कोणाच्या भीतीने न करणे हीसुद्धा गुलामीच आहे. एक जण म्हणतो, स्तुती केलीच पाहिजेस. दुसरा म्हणतो, करशील तर याद राख. आपले तोंड दोघांनी वाटून घेतले. आपल्याकडे राहिले काय?

तिसरा आक्षेप, कौतुकातून माणूस हळूहळू भक्त होतो. याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देऊन ठेवले आहे. काँग्रेसने अस्पृश्यांचे काय केले, याचा जमाखर्च मांडणारे त्यांचे पुस्तक १९४५ सालचे. काँग्रेसचा त्यांच्याइतका कठोर टीकाकार सापडणे अवघड. त्याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात राज्यघटनेचा मसुदा सुरळीत पार पडल्याचे श्रेय काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला दिले. मसुद्यावर मेहनत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना दिले. समितीत आपल्याला सतत अडवणाऱ्या, सवाल करणाऱ्या सभासदांचेही ऋण मानले. आणि त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती माणसाला अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. एकच भाषण, एकच माणूस. श्रेयही देतो आणि भक्तीपासून सावधही करतो. कौतुक आणि भक्ती यांतला फरक यापेक्षा स्वच्छ कोणी सांगावा? कौतुक कामाचे असते, भक्ती माणसाची. कौतुक करणारा हिशेब विचारतो, भक्त वही मिटून ठेवतो.

हाच माप लावून कुंभारीच्या घरांकडे पाहा. प्रकल्पाचा खर्च सरकारी माहितीनुसार सुमारे १८११ कोटी रुपये. त्यात केंद्र आणि राज्य मिळून अनुदान ७५० कोटींचे. म्हणजे निम्म्याहून कमी. ७५० कोटी थोडे नाहीत. ते दिले, त्याबद्दल जरूर धन्यवाद द्यावेत. आणि राहिलेला बोजा विडीवाल्या बाईच्या कमाईवर आणि कर्जावर किती पडतो, तिच्या हप्त्याचे काय, नव्या वसाहतीतल्या पाण्याचे, शाळेचे, बसचे काय, हेही त्याच माइकवरून विचारावे. आणखी एक. त्या समारंभाच्या आदल्याच दिवशी, ८ जानेवारी २०१९ रोजी, लोकसभेने नागरिकत्व दुरुस्ती विधेयक मंजूर केले होते. शेजारच्या देशांतून आलेल्यांत मुसलमान सोडून बाकीच्यांना सवलत देणारे ते विधेयक. घराबद्दल आभार मानणाऱ्याने ‘साहेब, घर दिलेत, चांगले केलेत; पण नागरिकत्वाच्या दारात धर्म विचारता, हे चांगले करत नाही’ असे म्हटले असते, तर त्या कौतुकाला निलंबित करण्याची कोणाची हिंमत झाली असती? घराची पावती देणे म्हणजे दंगलीची माफी देणे नव्हे, कायद्याला संमती देणेही नव्हे. तीन वेगळ्या वह्या आहेत. त्या एकमेकींत मिसळू नयेत, सत्ताधाऱ्याने नाही, आपणही नाही.

आणि कौतुक केले म्हणून माणूस हातचा जातो, ही भीती ज्यांना अजून वाटते त्यांनी पुढचा इतिहास पाहावा. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान पुन्हा सोलापुरात आले आणि पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतर झाले. आडम मास्तर भाजपमध्ये गेले नाहीत. २०१९ ची विधानसभा त्यांनी विळा-हातोडा-तारा या चिन्हावरच लढवली, २०२४ चीही तशीच लढवली. दोन्ही वेळा हरले. पण त्यांच्या कौतुकामुळे त्यांचा झेंडा बदलला नाही. ज्या १५ हजार कुटुंबांना डोक्यावर छप्पर मिळाले, त्यांचे मत कोणाला जाते हा त्यांचा प्रश्न आहे. ते विकत गेले असे म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या जुन्या खोलीत एक पावसाळा काढून दाखवावा.

तेव्हा आपल्या लिहित्या-वाचत्या भावाबहिणींना आमचे सांगणे सरळ आहे. येत्या निवडणुकीत मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही सांगणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यात, जमातीत, संस्थेत, साहित्याच्या व्यासपीठावर कोणी विरोधकाच्या एखाद्या कामाला चांगले म्हटले, तर त्याला ‘कितने में बिका’ असे विचारू नका. विचारायचेच असेल तर हे विचारा, की जे काम चांगले म्हणतोस ते खरेच झाले आहे का? त्याचा फायदा कोणाला झाला? आणि ज्याने ते केले त्याच्या चुकीच्या कामाला चुकीचे म्हणायची तुझी तयारी आहे का? या तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर तो माणूस बिकाऊ नाही. आपल्यात असे दहा जण असतील तर कोणताही पक्ष आपल्याला गृहीत धरणार नाही. आज सगळे पक्ष आपल्याला गृहीत धरतात, काही मत मिळणारच म्हणून, काही मिळणारच नाही म्हणून. त्यांना ही सवय आपणच लावली आहे. ती मोडणेही आपल्याच हातात आहे.